इंदूरची मेट्रो उभी राहताना पाहायची कशी?

विजयनगर, रेडिसन चौक, खजराना, बंगाली चौराहा या पट्ट्यातून रोज ये-जा करणाऱ्याला मेट्रोचं काम म्हणजे पत्र्याचे बॅरिकेड, धूळ आणि ऑफिसला उशीर, एवढंच वाटतं. त्रास खराच आहे. पण पत्र्यामागे जे चाललं आहे ते पुढे कधीही दिसणार नाही. पाइल, म्हणजे पायाचा खोल काँक्रीटचा खांब, जमिनीत जाते, सळई काँक्रीटमध्ये जाते, ताणलेल्या तारांवर सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, बसतं. गाडी धावू लागली की उरतो फक्त राखाडी पूल. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पाहायचं तर आत्ताच, आणि पाहिलेलं लिहून ठेवायचं.

इंजिनिअरिंग येण्याची गरज नाही. निवृत्त मंडळी, कॉलेजातली मुलं, गॅलरीतून काम दिसणारे शेजारी यांपैकी कुणालाही हे जमेल. राजवाडा आणि बडा गणपती भागात ज्यांची जुनी घरं आहेत त्यांच्यासाठी तर ही नोंद छंदाच्या पलीकडची आहे. त्यांनी खालचा बोगद्याचा भाग आधी वाचला तरी चालेल.

आधी नकाशा डोक्यात बसवा

इंदूरची पिवळी मार्गिका ही सुमारे 31 किलोमीटरची गोल फेरी आहे. केंद्राची मंजुरी 2018 साली मिळाली, भूमिपूजन सप्टेंबर 2019 मध्ये झालं आणि 31 मे 2025 रोजी, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर-3 हा जवळपास 6 किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला. त्यावरच्या पाचही स्थानकांना स्त्रियांची नावं आहेत: देवी अहिल्याबाई होळकर, महाराणी लक्ष्मीबाई, राणी अवंतीबाई लोधी, राणी दुर्गावती आणि वीरांगना झलकारीबाई.

सुपर कॉरिडॉर या रस्त्यावरून मार्ग एमआर-10 रस्त्याकडे जातो. पुढे हीरानगर, बापट चौराहा, मेघदूत, विजयनगर, रेडिसन, खजराना, बंगाली चौराहा, पलासिया, मग रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती, रामचंद्र नगर, कालानी नगर आणि विमानतळ करून तो परत गांधीनगरला मिळतो. जुन्या शहरातून विमानतळाकडे जाणारा सुमारे 8.6 किलोमीटरचा आणि सात स्थानकांचा टप्पा जमिनीखालून आहे. त्यासाठी एडीबीने, म्हणजे आशियाई विकास बँकेने, कर्ज दिलं आहे. खजरान्याच्या पुढे मेट्रो वरून न्यायची की खालून, यावर शहरात बरीच वादावादी झाली. त्यामुळे त्या भागासाठी जुना नकाशा धरून बसू नका, ताजा पाहा.

याचा फायदा असा की धावती मेट्रो, उभा राहणारा पूल आणि जमिनीखालचं काम हे तिन्ही प्रकार एकाच शहरात दुचाकीवरून पाहता येतात.

इंदूरला रुळांची ओढ जुनीच आहे. दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 साली खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि त्यातून होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. हा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत मिळतो. रूळ शहराकडे सरकताना रोज पाहणाऱ्या एखाद्या सामान्य इंदूरकराची वही मात्र माझ्या हाती कधी लागली नाही. या वेळी तशी वही असायला हवी.

सगळी मार्गिका नको, तीन-चार खांब धरा

नवखा माणूस आज सुपर कॉरिडॉर, उद्या बंगाली, परवा विमानतळ असा फिरतो आणि महिन्याभरात त्याच्याकडे शंभर फोटो जमतात. त्यातून काहीच कळत नाही. काम समजतं ते एकाच जागी परत परत गेल्यावर. घराजवळचे किंवा रोजच्या वाटेवरचे सलग तीन-चार पिअर, म्हणजे पुलाचे खांब, निवडा. प्रत्येक पिअरला नंबर असतो, तो खांबावर किंवा बॅरिकेडवर रंगवलेला दिसतो. तो नंबर हाच तुमच्या नोंदीचा पत्ता. "मेघदूतजवळचा खांब" असं लिहून ठेवलं तर दोन वर्षांनी तो तुम्हालाच सापडणार नाही.

निवडताना एक पिअर चौकाच्या तोंडाशी असेल असं पाहा. चौकात स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधला पूल, लांब असतो, खाली पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी असतात, वाहतूक वळवावी लागते, त्यामुळे तिथल्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय दोन्ही दिसतात. उरलेले दोन-तीन सरळ रस्त्यावरचे घ्या, म्हणजे नेहमीचा वेग कळेल.

मग उभं राहायची जागा ठरवा: फुटपाथ, दुकानाची पायरी, ओळखीच्या माणसाची गच्ची. गच्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण बॅरिकेडच्या आत काय चाललंय ते वरूनच दिसतं. तिथून फोटोच्या चौकटीत हलणार नाही अशी एखादी गोष्ट धरा, पाण्याची टाकी किंवा देवळाचं शिखर. दर वेळी ती चौकटीत त्याच जागी आणायची. झूम तोच, फोन आडवा तर नेहमी आडवाच. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी समोरून ऊन येऊन खांब काळाठिक्कर पडतो, तिथे संध्याकाळची वेळ ठेवा.

आठवड्यातून एक फेरी पुरते. काँक्रीट भरणं किंवा गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, चढवणं असलं तर एखादी जास्त.

सोबत काय घ्यायचं

फोन, छोटी वही, पेन्सिल. दुर्बीण असेल तर उत्तम. गर्डरच्या टोकाशी बसलेले जॅक, सेगमेंटवर, म्हणजे पुलाच्या तयार तुकड्यांवर, रंगवलेले आकडे, पिअर कॅपवरची, म्हणजे खांबाच्या माथ्यावरची, बेअरिंग हे सगळं रस्त्यावरून नुसत्या डोळ्यांना लागत नाही. उन्हाळ्यात पाणी आणि टोपी, पावसाळ्यात वहीसाठी प्लास्टिकची पिशवी. सुपर कॉरिडॉरवर आडोसा कमी आहे, तिथे मे महिन्यात दुपारी जाऊच नका.

वहीत दर वेळी तारीख, वेळ, पिअर नंबर, काय दिसलं आणि कुठलं यंत्र होतं एवढं लिहायचं. "काही बदल नाही" हेही लिहायचं. काम किती दिवस थांबलं हे कळायला त्या रिकाम्या ओळीच उपयोगी पडतात. फोटोच्या फाइलला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी पिअर नंबर असं नाव द्या, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

कुठे उभं राहू नये

बॅरिकेडच्या आत जायचं नाही. फट असली, फाटक उघडं असलं, ओळखीचा सुपरवायझर "या ना" म्हणाला, तरी हेल्मेट, बूट आणि साईटची परवानगी यांशिवाय नाही.

बाहेरही तीन जागा टाळा. क्रेनचा हात फिरतो तो टप्पा पहिली. हायड्रा ही छोटी क्रेन दिसते म्हणून तिच्याजवळ उभं राहू नका, लटकलेला माल झोके खातो. दुसरी जागा लाँचरच्या, म्हणजे पुलाचे तुकडे उचलून धरणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, खाली. सिग्नलला गाडी थांबवायची वेळ आलीच तर दोन गाड्या मागे थांबा. तिसरी जागा पिअरच्या उभ्या सळयांच्या जाळ्याजवळची. काँक्रीट भरण्यापूर्वी हा उंच केज फक्त ताणदोरांच्या आधारावर उभा असतो. 10 जानेवारी 2023 रोजी बेंगळुरूत असाच केज रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरची आई आणि तिचं लहान मूल गेलं. केजला चारी बाजूंनी ताण दिलेले दिसत नसतील तर तिथे रेंगाळू नका आणि साईटवरच्या माणसाला लगेच सांगा.

ड्रोनचा विचार सोडून द्या. गांधीनगर आणि सुपर कॉरिडॉर विमानतळाला लागून आहेत, आणि ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही.

माणसांशी वागणं हाही यातलाच भाग. गार्डला आधी नमस्कार करा, "भिया, ये कौन से नंबर का पियर है?" एवढं विचारा, बहुतेक वेळा तो नंबरच काय, रात्री काय येणार आहे तेही सांगतो. कामगार लांबून, दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात. त्यांच्या चेहऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. क्रेन चालू असताना हाक मारू नका. पहाटे पाळी सुटते तेव्हा पोह्यांच्या गाडीवर ही मंडळी सापडतात, तिथे दहा मिनिटांत जे कळतं ते पत्र्याच्या फटीतून महिनाभर पाहून कळत नाही.

पाया: जमिनीतून काय वर येतं ते पाहा

सुरुवात खांबाने होत नाही. आधी एक लहान ड्रिल येतं, जमिनीत भोक पाडून नमुने काढतं आणि निघून जातं. त्याच्या शेजारी लांबट कप्प्यांच्या पेट्या दिसल्या तर थांबा. त्यांत खालून काढलेले दगडाचे दंडगोल खोलीच्या क्रमाने मांडलेले असतात. माळव्याचं पठार दख्खनच्या बेसाल्टचं आहे, म्हणून वर काळी माती, मग पिवळट मुरूम आणि खाली काळा कातळ असा क्रम सहसा दिसतो. काही दंडगोल सलग आणि गुळगुळीत असतात, काहींत पांढऱ्या खनिजाचे ठिपके असतात, मध्येच विटकरी रंगाचा मऊ थर येतो. तो लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला थर. तुकडे जितके लांब आणि सलग, तितका कातळ चांगला.

मग पाइलची रिग येते, उंच मास्टचं धूड. सुरुवातीला ऑगर, म्हणजे माती काढणारा मोठा गिरमिट, वर येतो तेव्हा त्याला काळी माती चिकटलेली असते आणि झटका दिल्यावर तिची ढेकळं पडतात. खाली कातळ लागला की ऑगर काढून दातेरी नळकांडं लावतात, आवाज बदलतो, बारीक खरखर सुरू होते आणि वर येतो तो करडा चुरा. आवाज बदलला ती वेळ वहीत टिपा. शेजारच्या दोन पिअरच्या वेळा ताडून पाहिल्या की कातळ कुठे वर आहे, कुठे खोल, याचा अंदाज तुम्हाला रस्त्यावर उभं राहून येतो.

काळ्या मातीमुळेच इथे एवढं खोल जावं लागतं. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर भार टाकून चालत नाही. भोक पडलं की सळयांचा गोल केज क्रेनने आत सोडतात, मग एक पाइप थेट तळापर्यंत घालून काँक्रीट खालून वर भरत आणतात, म्हणजे तळातलं पाणी आणि चिखल काँक्रीटमध्ये न मिसळता वर ढकलला जातो. हे एकदा सुरू झालं की मध्ये थांबवत नाहीत. म्हणूनच मिक्सर गाड्यांची रांग लागते आणि ट्रॅफिक अडतो.

कधी एखाद्या पाइलवर काँक्रीटच्या ठोकळ्यांचा डोंगर रचलेला दिसेल. तो माल ठेवलेला नाही, पाइलची भारचाचणी आहे. खाली जॅक असतो आणि पाइल किती मिलिमीटर दबते ते मोजतात. याचा फोटो जरूर घ्या, थोड्या दिवसांत तो डोंगर उठतो.

नंतर पाइलची डोकी फोडून सळया मोकळ्या करतात आणि सगळ्या पाइल जोडणारी जाड पाइल कॅप ओततात. ती मातीने बुजली की पायाचं दर्शन संपलं.

काँक्रीटचा दिवस

पिअरला लोखंडी शटरिंग, म्हणजे साचा, लागलं आणि काँक्रीट वर पोचवणारा बूम पंप येऊन उभा राहिला की त्या दिवशी वेळ काढाच. मिक्सर आला की आधी त्यातलं थोडं काँक्रीट काढून 30 सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत थराथराने भरतात, सळईने ठोकतात आणि शंकू सरळ वर उचलतात. ढीग किती खचला ते पट्टीने मोजतात. फार खचला तर पाणी जास्त, अजिबात नाही खचला तर पंपातून जाणार नाही. मग 15 सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरतात, त्यांवर तारीख आणि पिअर नंबर कोरतात. हे ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. सगळा प्रकार बॅरिकेडच्या कडेला, जमिनीवर बसून चालतो. कुणी पाहत नाही, पण पुलाच्या ताकदीचा पुरावा तोच असतो.

मे महिन्यात भर दुपारी मोठं काँक्रीट सहसा भरत नाहीत, रात्री भरतात. पाणी झपाट्याने उडालं तर तडे जातात. शटरिंग काढल्यावर खांबाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं दिसतं का ते पाहा. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 7 दिवस, कोरड्या उष्ण हवेत 10 दिवस, असं मानक आहे. काही ठिकाणी गोणपाटाऐवजी पांढरट क्युरिंग कंपाउंड फवारतात, तेव्हा गोणपाट नाही म्हणजे हलगर्जी असं लगेच ठरवू नका.

पूल कसा जोडला जातो

पिअरवर पिअर कॅप बसली, तिच्यावर बेअरिंग ठेवली की वरचा पूल येतो. तो तीनपैकी कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखता आलं की पुढचं सगळं सोपं.

खालून पाहिल्यावर पोकळ पेटीसारखा आणि ठरावीक अंतरावर आडव्या सांध्यांच्या रेघा असलेला पूल दिसला तर तो सेगमेंटचा. इंग्रजी यू अक्षरासारखा, दोन्ही बाजूंना भिंती असलेला आणि आतून गाडी जाईल असा दिसला तर यू-गर्डर. शेजारी शेजारी चार-पाच उभे गर्डर आणि वर ओतलेला स्लॅब असेल तर आय-गर्डर. हा शेवटचा प्रकार सहसा स्थानकांजवळ आणि रूळ फुटतात तिथे वापरतात.

सेगमेंटचं काम पाहायला सर्वांत रंगतदार. दोन पिअरवर लोखंडी लाँचर उभा असतो. ट्रेलरवरून एकेक सेगमेंट येतो, लाँचर तो उचलून वर धरतो आणि असे दहा-बारा सेगमेंट माळेत मणी ओवावेत तसे हवेत ओळीने लटकतात. प्रत्येकावर नंबर असतो, कारण ते ओतले जातात त्या कास्टिंग यार्डमध्ये प्रत्येक सेगमेंट शेजारच्या सेगमेंटला टेकवूनच ओतलेला असतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही जागी बसत नाही. मग सांध्यांना इपॉक्सी हा चिकट लेप फासतात, ते हातमोजे घातलेले कामगार दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. सेगमेंट एकमेकांना भिडवून त्यांच्या आतल्या नळ्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवतात आणि जॅकने ताणतात. ताण देताना दोन गोष्टी मोजतात, जॅकचा दाब आणि तार किती लांबली ते. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे. ताण बसला की अख्खा स्पॅन किंचित उचलला जातो आणि लाँचरवरचा भार सुटतो. हा क्षण डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण लटकणारे दांडे एकेक करून मोकळे होऊ लागले की समजा, पूल स्वतःच्या पायांवर उभा राहिला. त्या दिवसाची तारीख वहीत जाड अक्षरात लिहा.

मोठी उचल बहुतेक रात्री, रस्ता बंद करून होते. वाहतूक वळवल्याची सूचना वर्तमानपत्रांत आणि ट्रॅफिक पोलिसांकडून येते, तीच आपली वर्दी. सराफ्यातून खाऊन परतताना वाट वाकडी करून विजयनगरकडे जायला इंदूरच्या माणसाला काय वेळ लागतो! फक्त मार्शलने जिथे थांबवलं तिथेच थांबा, आणि फ्लॅश मारू नका, क्रेनचालकाच्या डोळ्यांवर येतो.

स्थानकांचं काम याच्याबरोबर किंवा मागून येतं. आधी कॉन्कोर्सचा, म्हणजे तिकिटं घ्यायच्या जागेचा, मजला, वर फलाट, मग छताचा लोखंडी सांगाडा. जिने आणि लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरतात ते मात्र बारकाईने पाहा. वयस्कर माणसाला रस्ता ओलांडावा लागणार आहे का, फुटपाथ शिल्लक राहतो का, हे खांब उभे असतानाच दिसतं आणि हरकत घ्यायची वेळही तीच.

रूळ, वीज आणि गाडी

यासाठी सुरू असलेल्या भागात तिकीट काढून बसा. पुण्या-नागपूरहून आलेला पाहुणा विचारेल, वरच्या तारा कुठे आहेत? तिथे 25 किलोव्होल्टची वरची तार आहे. आपल्याकडे 750 व्होल्ट डीसी वीज रुळाच्या कडेच्या तिसऱ्या रुळातून येते. फलाटावरून पाहिलं तर आच्छादन घातलेली ती पट्टी दिसते. म्हणूनच इंदूरचा पूल वरून इतका मोकळा वाटतो, आणि म्हणूनच रुळांवर पाय ठेवणं म्हणजे मृत्यू. काम अपुरं दिसणाऱ्या भागातही ती जिवंत असू शकते हे मुलांना समजावून सांगा.

रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, आपल्या नेहमीच्या रेल्वेचं 1676. खडी नाही, रूळ काँक्रीटच्या पट्ट्यांवर बसवलेले आहेत. डबे गुजरातेत वडोदऱ्याजवळ सावलीच्या कारखान्यात बनले आहेत.

नव्या टप्प्यावर रिकामी गाडी हळू, मग वेगाने धावताना दिसू लागली की चाचण्या सुरू झाल्या असं समजा. पण गाडी दिसली म्हणजे मेट्रो सुरू झाली असं नव्हे. पहिल्या तुकड्यावर चाचणी धाव सप्टेंबर 2023 मध्ये झाली आणि प्रवासी बसले ते मे 2025 मध्ये. मधल्या काळात सिग्नल, दारं, ब्रेक, आगीच्या वेळची सोय, सगळं तपासलं जातं आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात. 2002 च्या मेट्रो कायद्याप्रमाणे त्या पाहणीनंतरच प्रवासी घेता येतात. तुमच्या वहीत पहिली चाचणी धाव, आयुक्तांची पाहणी आणि पहिला प्रवासी या तीन तारखा वेगळ्या पानावर असू द्या.

जमिनीखालचं काम आणि तुमचं घर

बोगदा दिसत नाही, पण स्थानकाचा खड्डा दिसतो. आधी खड्ड्याच्या कडेने जमिनीत भिंत किंवा पाइलची रांग उतरवतात, मग मधली माती आणि कातळ काढत खाली जातात. किती डंपर भरून जातात, त्यांत काळी माती आहे की दगड, यावरून खोली कळते. टीबीएमचे, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या मशीनचे, भाग येतात तेव्हा ते मोठमोठ्या ट्रेलरवरून येतात, तो दिवस चुकवू नका.

आजूबाजूच्या इमारतींवर चमकणारे छोटे चौकोनी प्रिझम, भेगांवर बसवलेल्या पट्ट्या, रस्त्यात ठोकलेले खिळे दिसले तर ती जमीन आणि भिंती हलतात का ते मोजण्याची साधनं आहेत. त्यांना हात लावू नका, त्यांवर कपडे वाळत घालू नका, रंग देऊ नका.

राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. आसपासचे वाडेही असेच दगड, वीट, लाकूड आणि चुन्याचे. त्यांची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. 2019 साली कोलकात्याच्या बऊबाजारात बोगद्यात पाणी शिरलं आणि वरची जुनी घरं पडली. पण तिथली जमीन नदीच्या गाळाची, आपली बेसाल्टची. पुण्यात कसब्याखालून आणि मुंबईत गिरगाव-काळबादेवीखालून याच दख्खनच्या दगडात बोगदे झाले आणि आज तिथून गाड्या धावतात. तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही, पण नोंद हवीच हवी.

नोंद अशी करा. मशीन येण्याच्या निदान वर्षभर आधी घराच्या प्रत्येक भिंतीचे फोटो घ्या, आतून-बाहेरून. प्रत्येक भेगेला नंबर द्या. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि पट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला तेच परत. दार-खिडक्या अडकतात का, फरशी पोकळ वाजते का, हेही लिहा. वाड्यात विहीर किंवा बोअर असेल तर दोरी सोडून पाण्याची पातळी मोजत चला.

वर्षभर आधी का, तर काळ्या मातीवरच्या जुन्या घरांच्या भेगा मेट्रो नसतानाही मे महिन्यात रुंदावतात आणि पावसात मिटतात. तुमच्या हाती चारही ऋतूंची नोंद असेल तर नेहमीची हालचाल कुठली आणि नवी कुठली हे वेगळं काढता येतं. नसेल तर तुमच्या खऱ्या तक्रारीलाही "भेग जुनीच होती" हे उत्तर मिळू शकतं. कंत्राटदाराची माणसं इमारतींच्या पाहणीसाठी आली तर त्यांना घर नीट दाखवा, माळा आणि तळघरसुद्धा, आणि त्यांच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

आवाजाचंही तसंच. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. फोनवरच्या ॲपचा आकडा फक्त अंदाजासाठी, पण तारीख, वेळ आणि कुठलं यंत्र चालू होतं याची नोंद असेल तर तक्रार वजनदार होते.

कागदपत्रं

डोळ्यांनी पाहिलेलं आराखड्याशी ताडून बघायला मजा येते. मध्य प्रदेश मेट्रो रेल कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर मार्गाची माहिती आणि निविदा असतात. एडीबीच्या संकेतस्थळावर पर्यावरणाचे अहवाल मोफत मिळतात. इंग्रजी जड आहे, पण नकाशे आणि तक्ते पाहा, धूळ, आवाज आणि जुन्या इमारतींबद्दल काय काय करायचं ठरलं आहे ते तिथे असतं.

तेवढ्याने भागलं नाही तर माहिती अधिकार आहे. 2005 च्या कायद्यात उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. फार थोड्यांना ठाऊक असतं की या अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागणंही येतं. प्रश्न लहान आणि नेमका ठेवा. "अमुक पिअरच्या काँक्रीटचे 28 दिवसांचे निकाल" असं विचारा. "मेट्रोच्या दर्जाबद्दल माहिती द्या" असं लिहिलं तर हाती काही लागत नाही.

जमलेलं जपायचं कसं

दर सहा महिन्यांनी फोनमधले फोटो दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवा. प्रत्येक पिअरचे वर्षातले बारा फोटो एका पानावर छापून घ्या आणि मागे पिअर नंबर, उभं राहायची जागा आणि दिशा लिहा. वहीची पानं स्कॅन करा. शेजारच्या पट्ट्याची नोंद दुसरं कुणी ठेवत असेल, रामबागेतले एखादे काका किंवा विजयनगरची कॉलेजातली पोरं, तर त्यांच्याशी फाइलच्या नावांची पद्धत आधीच ठरवून घ्या. सगळ्यांच्या नोंदी एका क्रमाने लागल्या की त्याची एक प्रत महाराष्ट्र साहित्य सभेच्या ग्रंथालयाकडे आणि एक देवी अहिल्या केंद्रीय ग्रंथालयाकडे ठेवून घेण्याची विनंती करा. सोबत एका पानावर लिहा: कुणी, कुठून आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत पाहिलं.